महादूआबांचा मुलूख

फर्नांडिस ड्रायव्हर आमच्या खडकीच्या घराचा जिना चढून आला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल साबणात होता. हा माणूस कुणाच्या घरी जात नाही, गेला तर बसत नाही आणि बसला तर बोलत नाही. त्यामुळे तो आत येऊन खुर्चीवर बसला आणि त्यानं आपणहून तोंड उघडलं, तेव्हाच मी वस्तरा खाली ठेवला. "आबा मुलखात गेला," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या कुणाला यातून काही उमगलं नसतं. माझ्या बायकोला वाटलं कुणीतरी गावी गेलंय, म्हणून तिनं त्याला चहा विचारला. मी मात्र तसाच साबणासकट त्याच्यासमोर बसून राहिलो... लोणावळ्याच्या रनिंग रूमचे खानसामा महादूआबा आंबीच्या आपल्या घरी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्रात फोटो यावा असा हा माणूस नव्हता. पण लोणावळ्याहून गाड्या नेणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो हातातलं काम टाकून तुम्हाला आपल्या मुलखाची हकीकत सांगायला बसेल आणि तुमची गाडी चुकवील.

रनिंग रूम म्हणजे गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हर-गार्डांनी परतीची गाडी मिळेपर्यंत अंग टाकायची जागा. लोखंडी खाटा, एक टेबल, भिंतीवर सूचना आणि मागे स्वयंपाकघर. तिथली पद्धत अशी की प्रत्येकाने आपापला शिधा घरून बांधून न्यायचा आणि खानसाम्याने प्रत्येकाचं वेगवेगळं शिजवून द्यायचं. त्यामुळे आबांच्या ओट्यावर एका वेळी सहा-सात गाठोडी, प्रत्येकाला पत्र्याचा नंबराचा बिल्ला आणि शेगडीवर सहा-सात छोटी पातेली असा संसार मांडलेला असे. कुणाची डाळ कुणाच्या पातेल्यात गेली नाही. कुणाचं पीठ कुणाच्या परातीत पडलं नाही. दोन गाठोड्यांचं पीठ एकत्र करायचं नाही, हा आबांचा नियम जानव्याहून कडक होता. बुटका, रुंद, डोक्याला पंचा गुंडाळलेला हा माणूस बोलताना समोरच्याकडे कधी पाहत नसे, तव्याकडे पाहत असे. त्यामुळे नव्या माणसाला वाटे, हे भाकरीशीच बोलतायत.

रनिंग रूममध्ये पत्त्यांना बंदी होती. चार-पाच तास वाट पाहणारे पुरुष पत्त्यांवाचून काय करतात? भांडतात. मीठ कमी पडलं इथून सुरुवात होऊन एकमेकांच्या सासुरवाडीपर्यंत जातात. या भांडणांना कंटाळून आबांनी मुलूख काढला. त्यांनी शेगडीपाशी बसून सांगायचं: तुमी आता तीन कोनांच्या किल्ल्याच्या पायथ्याला हाय, वर सात दरवाजे, पयल्या दरवाज्यात एक आंधळा जादूगार बसलाय, काय करता? आणि पाटावर बसलेल्या ड्रायव्हरने त्या मुलखातला कुणी सरदार, चोर किंवा मांत्रिक होऊन उत्तर द्यायचं. जमलं की नाही याचा निकाल भाकरी देई. प्रत्येकाचा निकाल त्याच्या स्वतःच्या पिठाच्या भाकरीवर. निखाऱ्यावर टाकलेली भाकरी टम्म फुगली तर तुम्ही दरवाजा ओलांडला, नाही फुगली तर परत पायथ्याला. मरण मात्र मुलखात नव्हतं. मेलेला माणूस पुन्हा इंजिनावर कसा चढवायचा, असा आबांचा सवाल होता.

पण त्यांची खरी करामत पुढेच होती. सगळ्यांना एकच मुलूख ते कधी देत नसत. सहा पातेल्यांत सहा चवी, तसे सहा जणांचे सहा मुलूख. आणि कुणाला कुठला मुलूख मानवेल हे शोधायची त्यांची रीत स्वयंपाकातूनच आलेली होती. आवडतं काय हे ते विचारत नसत. ते म्हणत, "आवडतं काय ते माणसाला सांगता येत न्हाई. लाजंपाई उगा शिरा न् बासुंदी सांगतंय. काय नगं ते इचारा, लगीच खरं बोलतंय." मग एकेक प्रश्न. हरायचं भय वाटतं की हसं व्हायचं? एकट्याने जायचंय की टोळीने? वाट आधी कळलेली हवी की चालता चालता? फर्नांडिसला बोलणं नको होतं. त्याला आबांनी असा मुलूख दिला की जिथे सगळे राक्षस मुके होते. तो समोर आलेल्याला नुसता ठोसा द्यायचा आणि आमटीला उकळी यायच्या आत जेवायला मोकळा व्हायचा. एका असिस्टंट ड्रायव्हरला माणसंच नको होती, त्याच्या मुलखात फक्त बोलणारे बैल होते. तो त्यांच्याशी इतका गुंतला की आबांनी वाढलेलं ताट निवून जाई.

मी या सगळ्यात आलो तो तोंड पाडून. बुकिंग ऑफिसातली खिडकी सोडून मी मोठ्या हौसेने गार्ड झालो होतो. शिट्टी, झेंडा, पांढरा डगला हे सगळं मी लांबून पाहिलं होतं. मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात एकटा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे पन्नास वॅगन, त्यांच्या पलीकडे इंजिन, आणि मागे तुम्ही, तुमची पेटी न् पाण्याची सुरई. खिडकीवर दिवसाला हजार माणसांशी कटकट करायची सवय झालेला मी, त्या ब्रेकव्हॅनमध्ये तासन् तास कुणाशी एक अक्षर न बोलता बसलो की घाबरा व्हायचो. कामशेत येईपर्यंत मी सुरईशी बोलायला लागलेलो असे. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला रात्री झोप लागेना, जेवण जाईना. खिडकीवर परत पाठवा असा अर्ज लिहून मी तो डगल्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. आज देऊ, उद्या देऊ, असं चाललं होतं. आबांना हे मी सांगितलं नव्हतं. पण दोनदा माझी भाकरी ताटात तशीच राहिली, तेव्हा त्यांनी तव्याकडे पाहत मला विचारलं, "गार्डसाहेब, मुलखात येता का?"

माझ्याएवढा नालायक गडी त्यांना मिळाला नसेल. पहिल्याच दिवशी वाटेत राक्षस आडवा आला, काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वेळ टिपून घेतो आणि पुढच्या स्टेशनला कळवतो. फर्नांडिस आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग आबांनी मला राजा केलं, तर मी दरबारातल्या फिर्यादींना लेखी अर्ज मागितले. मांत्रिक करून उडती घोंगडी दिली, तर मी विचारलं हिचा ब्रेक कुठाय. चोर केलं, तर खजिन्याच्या खोलीत शिरून मी कुलूप नीट लावून घेतलं. माझी भाकरी मात्र दरवेळी झकास फुगायची, म्हणजे मी हरतही नव्हतो आणि मला काही वाटतही नव्हतं. आबांनी प्रश्नांवर प्रश्न केले. लढाई नको. खजिना नको. राजकन्या नको, घरी एक आहे. राज्य तर नकोच नको. शेवटी त्यांनी सांडशी खाली ठेवली आणि म्हणाले, तुमाला समदंच नगं आन् कशाचीच हाव न्हाई, आता तुमाला घालावं कुटं? मला तेव्हा वाईट वाटलं. सहा पातेल्यांच्या ओट्यावर आपलं एक बेचव पातेलं उरलंय असं वाटलं, आणि खिशातला अर्ज उद्या नक्की द्यायचा असं मी ठरवलं.

त्याच सुमाराला रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी आली. ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको, ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी नशीब समजावं. त्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरायची आणि निखाऱ्यावर टाकली तर विटेसारखी पडून राहायची. सगळ्यांच्या गाठोड्यांतून मिलो यायला लागली आणि अख्ख्या रनिंग रूमचं नशीब एकदम फिरलं. एकही भाकरी फुगेना. फर्नांडिसचा ठोसा लागेना, बैलवाल्याचे बैल बोलेनात. महिना दीड महिना एकूण एक सरदार किल्ल्याच्या पायथ्याला बसून होते. बाहेर लोक मिलोला शिव्या घालत होते त्या पोटाच्या कारणाने, आमच्याकडे शिव्या पडत होत्या त्या पहिल्या दरवाज्यावरून. फर्नांडिसने घावन चालतील का म्हणून विचारून पाहिलं. आबा बधले नाहीत. निकाल भाकरीचाच, आणि तोही ज्याच्या-त्याच्या पिठाचा.

या मिलोने माझं मात्र भलं केलं. भाकरीवर न चालणारा मुलूख शोधताना आबांना माझी आठवण झाली. एके दिवशी त्यांनी मला विचारलं की गाडी वळणावर आली की तुम्ही काय करता. मी म्हणालो, खिडकीतून डोकं काढून इंजिनापर्यंत सगळी गाडी पाहतो, कुठे काही सुटलं नाही ना, लटकत नाही ना. "मग झालं की," ते म्हणाले. "तुमाला वाट चालायची हौसच न्हाई. तुमाला मागं ऱ्हाऊन मोजायची हौस हाय." आणि त्यांनी मला माझा मुलूख दिला. ती होती राक्षसांची वरात. पन्नास वॅगन म्हणजे पन्नास वऱ्हाडी. सिमेंटचा डबा हा नवरदेवाचा फुगलेला चुलता. तेलाची टाकी ही दागिन्यांनी मढलेली आत्याबाई, तिला कुणी धक्का लावायचा नाही. गुरांच्या डब्यात वाजंत्री. कोळशाचे डबे म्हणजे नवरीचे नऊ भाऊ, सगळे तापट. आणि मी वरातीचा शेवटचा माणूस. यातलं कुणीही वाटेत रुसून पळून जाईल, विडी ओढेल, भांडण काढेल, तर त्यांना सांभाळून मुक्कामाला न्यायचं. वळणावळणाला मोजायचं. मोजणी जुळली की जिंकलात.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून निघालो आणि मळवलीच्या आत मी चुलत्याला दोनदा दटावलं होतं. कामशेत कधी आलं कळलं नाही. सुरईशी मी बोललो नाही, कारण मला वेळच नव्हता. आत्याबाईच्या मागे नऊ भावांपैकी तिसरा उगाच डुलत होता. खडकीला उतरलो तेव्हा घसा बसला होता आणि भूक लागली होती. घरी बायकोला वाटलं साहेबाशी भांडून आलो. खिशातला अर्ज पुढे कधीतरी डगल्याबरोबर धुतला गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सुखात राहवलं नाही म्हणा, किंवा फार रंगलो म्हणा, पण त्या वरातीनेच आम्हाला संकटात घातलं. एका दुपारी कामशेत सोडून कान्ह्याच्या वळणावर मी डोकं बाहेर काढलं, तर मधल्या एका कोळशाच्या डब्याखालून बारीक धूर. नवरीचा सहावा भाऊ विडी ओढतोय! मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते घडलं. मी खिडकीतून त्याला असा फैलावर घेतला की शेतातल्या बाया उभ्या राहून पाहायला लागल्या. लाज नाही वाटत, मांडवात विडी ओढतोस, आत्याबाई काय म्हणतील, असं मी चांगलं मिनिटभर त्याला सुनावलं असेल. धूर वाढला. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की राक्षस नाही, ॲक्सल तापलाय. चाक आता जाम होणार, डबा रुळांवरून उतरणार. ब्रेक लावला, लाल झेंडा काढला, घामाने निथळत खाली उडी मारली. गाडी कान्ह्याला हळूहळू आणली, तो डबा सोडवून बाजूला केला, पुढे काही झालं नाही. उलट वेळेवर पाहिल्याबद्दल माझं कौतुक झालं.

ती मिनिटभराची गोष्ट मी फक्त आबांना सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांच्या हातातला उंडा तसाच परातीत पडला. मग ते म्हणाले, माझ्या खेळापाई तुमी मेला असता. आणि त्या दिवसापासून मुलूख बंद. कुणाचाच नाही. फर्नांडिस दोन दिवस पाटावर नुसता बसून राहिला, बैलवाल्याने तर हात जोडले. आबा भाकरी थापत, वाढत, भांडी घासत आणि तव्याशीसुद्धा बोलत नसत. आठवड्यात मिठावरून पहिलं भांडण झालं, पंधरा दिवसांत गोष्ट सासुरवाडीपर्यंत गेली. ब्रेकव्हॅनमध्ये मी वरात मोजायचा प्रयत्न करून पाहिला, पण डबे नुसते डबे दिसत. सुरई पुन्हा जवळ आली. नवा अर्ज लिहायला मी कागद काढला होता.

शेवटी फर्नांडिसने मला ढकलतच स्वयंपाकघरात नेलं. मी म्हणालो, आबा, मुलूख चालू ठेवायचा की नाही याचा निकाल तुम्ही का देताय? निकाल भाकरीचा. माझं पीठ घ्या. आबांनी माझं गाठोडं सोडलं, लाल मिलो पाहिली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. या पिठाची भाकरी फुगणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. हे ते कधी सांगत नसत. परातीत पाणी पडल्याचा आवाज झाला, थापट्यांचा आवाज झाला, आणि मग हाक आली. निखाऱ्यावर ती भाकरी अशी टम्म फुगली होती की फर्नांडिसने टोपी काढली. मी आबांच्या हातांकडे पाहिलं. नखांत लाल पीठ होतं आणि त्यावर पांढरं होतं. फळीवर आंबीहून आलेली त्यांच्या स्वतःच्या घरच्या ज्वारीच्या पिठाची पिशवी उघडी पडली होती. ज्या माणसाने दोन गाठोड्यांचं पीठ कधी एकत्र केलं नाही त्याने माझ्यासाठी नियम मोडला होता. "फुगली म्हंजी फुगली," ते म्हणाले. "पन ध्यानात ठिवा. धूर दिसला, तर आदी झेंडा, मंग राक्षस." त्यानंतरच्या नोकरीत आजवर मी हा क्रम चुकलो नाही.

आबा निवृत्त होऊन आंबीला गेले त्याला चार वर्षं झाली. मी दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जायचं राहिलं. पाहुण्यांचं येणं-जाणं सरल्यावर परवा गेलो तो त्यांच्या पत्नीला, यमुनामावशींना भेटायला. त्या ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर मी इतक्या वर्षांत न सुचलेला प्रश्न विचारला. सगळ्यांना एकेक मुलूख दिला त्यांनी, त्यांचा स्वतःचा कुठला होता? आम्ही कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, काय नको म्हणून.

"तुमचाच की," मावशी म्हणाल्या. सुट्टीला घरी आले की ते ओसरीच्या या टोकाला बसायचे. तळेगावकडून वाऱ्याबरोबर मालगाडीचा आवाज आला की सुरू. आता गार्डसाहेब कान्ह्याला आले, आता वळणावर डोकं बाहेर काढलं असंल, आता मोजत असतील. गाडीचा शेवटचा डबा गेल्याबिगर ताटावर बसायचे नाहीत. घरी कायमचे आल्यावर तर रोजच. मावशी त्यांना रागवायच्या, की लोकाच्या वरातीत तुमचं काय काम. "तर म्हनायचे, त्यो मानूस येकला असतोय गं मागच्या डब्यात. कोनी संगं नगं का?"

गेली दोन वर्षं मी पॅसेंजर गाड्यांवर आहे. माझ्या डब्यात माणसं असतात, बोलणं असतं, ब्रेकव्हॅन सुटली. हे मी आबांना कळवलं नव्हतं. तसं काही कारण नव्हतं, दोन ओळींचं कार्ड टाकायचं राहून गेलं, इतकंच. दोन वर्षं तो म्हातारा रोज दुपारी या ओसरीवर बसून मी नसलेल्या गाडीबरोबर मला सोबत करत होता.

तेवढ्यात लांबून मालगाडीचा आवाज आला. मावशींचे हात सुपात थांबले. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुमी तर हितं बसलाय. मंग आज तितं मागं कोन?"

मी म्हणालो, दुसरा कुणी गार्ड असेल, मावशी. नाव मला माहीत नाही.

"असूं द्या," त्या म्हणाल्या, आणि सूप मांडीवर तसंच धरून आवाजाकडे कान देऊन बसून राहिल्या. चाकांचा ठेका पुलावर जड झाला, मग हलका झाला, मग विरळ होत गेला. मीही बसून राहिलो. शेवटचा डबा गेल्याची खात्री झाली तेव्हा मावशींनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.